शपथेचं पाणी

सुलुह मामांनी विड्याचं तबक डाव्या हातानं बाजूला सारलं आणि ओसरीवर बसलेले सगळे सावरून बसले.

डाव्या हातानं! चेंपाकानं डोळेच मिटून घेतले. मामांचा राग तिला काही नवा नव्हता. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून तिनं त्यांचे कान ओढले होते आणि त्याबद्दल पाठीत धपाटेही खाल्ले होते. पण तबक नूरीवहिनीनं केलेलं होतं, आणि ती बिचारी ते हातात धरून तशीच ओणवी उभी होती. पुढे सरकावं की मागे फिरावं, तिला कळेना.

"विडा नंतर," मामा म्हणाले. "आधी पाणी. माझ्या बहिणीच्या वेळेपासून असंच चालत आलंय. आधी दगडावरचं पाणी, मग विडा, मग जेवण, मग मिरी. की आता उलटं चालू केलंय तुम्ही लोकांनी?"

"मामा, एवढ्या लांबून दमून आलात," चेंपाकाचा थोरला भाऊ झैनल म्हणाला. "आधी चार घास खाऊन घ्या. मग बोलू की निवांत."

"मी काय खायला आलोय? डोंगरात उपाशी मरतो का मी? विजा, दगड दाखव."

विजा हे झैनलचं जुनं नाव. सुलतानाबरोबर त्यानं कलमा पढला त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण मामांच्या तोंडी नवं नाव कधी आलं नाही. आज तर त्यांनी 'विजा' असं काही म्हटलं की खालच्या होडीतल्या वल्हेकऱ्यांनीसुद्धा माना वर केल्या.

आता या दगडाचं एवढं काय, तर मुआरा लाडा हे गाव उभंच मुळी त्या दगडावर होतं. समुद्रावरून येणाऱ्या गलबतांना हवी मिरी, आणि मिरी पिकते वर डोंगरात. गाव मधल्यामध्ये, नदीच्या तोंडाशी. डोंगरच्या लोकांचा ना कागदावर विश्वास, ना शिक्क्यावर. वारा फिरला की त्यांचा बातिन, म्हणजे मुखिया, खाली यायचा; तो बातिन म्हणजेच सुलुह मामा. शाहबंदर, म्हणजे बंदराचा कारभारी, आधी चेंपाकाचा बाप आणि आता झैनल; त्याच्या याच घरामागे त्या दगडावर पाणी ओतलं जायचं आणि दगडावरून ओघळलेलं ते पाणी दोघांनी एकाच करवंटीतून प्यायचं. मी मापात खोट करणार नाही, हा म्हणायचा. मी माझी मिरी दुसऱ्या बंदराला देणार नाही, तो म्हणायचा. जो खोटं बोलेल त्याचं पोट हेच पाणी फाडेल. झालं! दुसऱ्या दिवसापासून मिरीच्या होड्या लागायच्या. चेंपाकाची आई डोंगरातून लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर सोनं नाही आलं, हा नागाचा फणा कोरलेला दगड आला होता. तिच्या होडीत तिच्याच मांडीला टेकून आणलेला.

आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर गावात मशीद उभी राहिली, खंबायतची, होर्मुझची, चोलमंडलची गलबतं पूर्वीच्या दुप्पट यायला लागली. जिथं आपल्यासारखी नमाज होते तिथं माल ठेवायला व्यापाऱ्याला धीर येतो, एवढं साधं गणित होतं ते. सुलतानाला ते कळलं होतं, झैनललाही. पण गलबतं कितीही येवोत, डोंगरातून मिरी उतरली नाही तर ती काय चिखल भरून नेणार होती? आज शुक्रवार. खंबायतच्या दाऊदजी नाखव्यानं गलबतावर पाण्याचे रांजण भरून ठेवले होते आणि दुपारच्या नमाजेनंतर मिरी दिसली नाही तर नांगर उचलून पलीकडच्या तंजुंग बंदराला जाईन असं उघड सांगितलं होतं. तो गेला की बाकीचे मेंढरासारखे त्याच्यामागून गेलेच. आणि सुलतानाच्या वाड्यावरून निरोप आला होता की असं झालं तर शाहबंदरी या घरात राहायची नाही.

तेवढ्यात धाकटा भाऊ बायू घरामागून शिडी चढून वर आला. धापा टाकत होता.

"दगड नाहीये."

"नाहीये म्हणजे?" मामा.

"नाहीये म्हणजे नाहीये! खड्डा आहे नुसता. त्यात कोंबडी अंडी उबवतेय." बायू थोरल्याकडे वळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "दादा, काय केलंस तू त्याचं? सांग ना! सगळ्यांसमोर सांग! मशिदीच्या पायात घालायला फोडलास?"

झैनलनं नाकाचा शेंडा खाजवला.

"नदीत टाकला," तो म्हणाला.

खाली खांबांवर पाणी आपटत होतं. मामा सावकाश उठले. गुडघे दुखत होते त्यांचे, पण बायू हात द्यायला गेला तर त्यालाही त्यांनी झिडकारलं.

"बहिणीचं घर आहे म्हणून उन्हं कलेपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "मग माझी मिरी डोंगरापलीकडच्या नदीनं तंजुंगला जाईल. आणि या घरात डोंगरची पोरगी दिली होती, हे आम्ही विसरून जाऊ." एवढं बोलून ते शिडी उतरून आपल्या होडीत जाऊन बसले, घराकडे पाठ करून.

चेंपाकाला रडू फुटत होतं. पण रडायला वेळ कुणाला होता? थोरला भाऊ खोटं बोलला होता हे तिला त्याच्या नाकानं सांगितलं होतं. लहानपणी आंबे चोरल्यावरही हा असाच नाक खाजवायचा. तिनं पदर खोचला आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

नूरी खोवणीवर बसून नारळ खोवत होती. खोवत कसली, नारळाचा सूड घेत होती.

"वहिनी, दादा खोटं बोलला."

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

"तो नाक खाजवत बसेल. तुम्हीच सांगा. दगड कुठाय?"

नूरीनं हात थांबवला. खंबायतहून सोळाव्या वर्षी आलेली ही बाई. इथली भाषा घडाघडा बोलायची, पण चिडली की तिचे सूर अजून तिकडचे लागायचे. "वन्सं, एक विचारते, खरं सांगा. खंबायतवाल्याची पोरगी, हिला या घराचं काय पडलंय, असं वाटतं ना तुम्हाला?"

"वाटतं," ती म्हणाली.

नूरीला हसूच आलं. "चला, खोटं बोलायला तरी शिकला नाहीत तुम्ही. बरं झालं." तिनं करवंटी बाजूला ठेवली. "मी लग्न होऊन आले तेव्हा मला तुमचं एक अक्षर कळत नव्हतं. रोज रडायची. सासूबाई मला त्या दगडापाशी घेऊन बसायच्या आणि हातानं भात भरवायच्या. म्हणायच्या, मीसुद्धा इथंच बसून रडले होते, आणि हा दगड कुणाला सांगत नाही. गेल्या महिन्यात हौद बांधायला घेतला तेव्हा सुलतानाच्या सरदारांची माणसं दारोदार फिरून जुने दगड गोळा करत होती, फोडून पायात घालायला. आपल्याही घरी येणार होती. हे नुसते डोकं धरून बसले. सुलतानाचा हुकूम मोडवत नाही आणि आईचा दगड फोडवत नाही. मग मीच म्हटलं, फोडायचा कशाला, अख्खाच देऊ या."

"अख्खा? कुठं?"

"हौदात."

चेंपाका मटकन खाली बसली. खोबऱ्याच्या परातीतच बसायची, थोडक्यात वाचली.

"मशिदीच्या हौदात?"

"मग काय राजवाड्याच्या? बांबूला बांधून आम्ही दोघांनीच नेला, भर दुपारी, धो धो पावसात. गाव सगळं घोरत होतं. माझी कंबर अजून धरते. नागाचा फणा भिंतीत आत, पाठ बाहेर, पन्हळीच्या तोंडाशी. पाणी आधी दगडावर पडतं, मग खाली येतं. लोक पाय खाली धुतात, त्याला पाय लागत नाही कुणाचा. तेवढं मी बघून घेतलं होतं, वन्सं. काही म्हटलं तरी सासूबाईंचा तो."

इतकी वर्षं या बाईच्या हातचं खाऊन चेंपाका मनात हिशेब ठेवत आली होती, ही आमची नाही, ही आमची नाही. आणि आईचा दगड हिनं खांद्यावरून नेला होता! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं नूरीचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"मी पहार घेऊन येतो." दारात बायू उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. डोळे पाण्यानं भरले होते. "आत्ता काढून आणतो बाहेर."

"खाली बस!" चेंपाका ओरडली. "मशिदीचा हौद फोडायला निघालाय शहाणा. आजच्या आज तुझं मुंडकं आणि दादाची शाहबंदरी, दोन्ही जातील."

"पण दादानं मला का नाही सांगितलं? सगळ्यांसमोर मी त्याला वाट्टेल ते बोललो."

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळी मासळीबाजारात कळलं असतं," नूरी म्हणाली. बायूला ते पटलं असावं, कारण तो गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आता काय करायचं?" नूरी विचारत होती. "काझींना कळलं तर हौद पाडायला लावतील. मामांना कळलं तर म्हणतील, आमच्या शपथेच्या दगडावर तुम्ही हातपाय धुता. आणि वर घरी येऊन माझीच आई काढतील."

"एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून कळलं तर तसंच होईल," चेंपाका उठत म्हणाली. "दोघांना एकाच ठिकाणी, एकाच वेळी कळलं तर काय होतं ते बघू. वहिनी, नारळ राहू दे. चला."

*

मामा तिच्याबरोबर आले ते केवळ तिनं होडीत उतरून त्यांच्या पायाशी बसकण मारली म्हणून. "एक गोष्ट दाखवते. नाही आवडली तर मीही तुमच्याबरोबर डोंगरात येते, मिरी वेचीन," असं ती म्हणाली तेव्हा म्हातारा नाकातून हुंकारला आणि कमरेचा कोयता सावरत उठला.

मशिदीसमोरच्या अंगणात फणसाखाली तिनं त्यांना बसवलं. तीन मजली छपराची ती मशीद गावच्या जुन्या सभागृहाच्याच सुतारांनी बांधली होती, म्हणून मामांना ती परकी वाटली नाही. "खांब चांगलेत," एवढं ते नाइलाजानं म्हणाले. दुपारची बांग झाली होती. हौदापाशी ही गर्दी! खंबायतचे लांब अंगरख्यातले, चोलमंडलचे काळे तुकतुकीत, होर्मुझचे तांबड्या दाढीचे, आणि दोघे चिनी मुसलमान व्यापारी, टोप्या काखेत धरून आपली पाळी बघत उभे. बायू चेंपाकाच्या मागे नखं खात उभा होता. नूरी बायकांच्या बाजूच्या पडवीत होती, पण तिची नजर इकडेच होती.

"हे काय करतायत?" मामांनी विचारलं.

"नमाजेआधी धुतात. हात, तोंड, पाय."

"तो बघ, तोंडात पाणी घेतोय."

"चूळ भरतात, मामा. चूळ भरल्याशिवाय पुढं जायचं नसतं."

"सगळेच?"

"सगळेच. दिवसातून पाच वेळा."

"पाच वेळा! रिकामटेकडे दिसतात." पण म्हातारा टक लावून बघत राहिला. पन्हळीतून पाण्याची धार भिंतीतल्या एका काळ्या दगडावर पडत होती, त्यावर पसरत होती आणि मग खाली माणसांच्या ओंजळीत येत होती. चेंपाका मामांच्या कानाशी वाकली. आता नाही तर कधीच नाही.

"मामा, दादा खोटं बोलला. दगड नदीत नाहीये. त्या पन्हळीखाली आहे."

मामा उठले, आणि गर्दीतून वाट काढत सरळ हौदाकडे चालू लागले. कमरेला कोयता, अंगावर झाडाच्या सालीचं डोंगरी वस्त्र, तोंडावर असा भाव की लोक आपोआप बाजूला झाले. त्यांनी धारेखाली हात घालून दगडावर तळवा ठेवला. बोटांनी कडेवरची एक खोक चाचपली. त्यांच्या आजोबांच्या हातून छिन्नी निसटून पडलेली ती खोक, चेंपाकालाही माहीत होती.

"दगडच आहे," ते हलकेच म्हणाले. "आमचाच."

कुणीतरी ओरडलं, कोयतावाला हौदाशी आलाय. दाऊदजी नाखवा तोंडात पाणी तसंच धरून मागे सरला. आतून झैनल धावत आला, आणि त्याच्यामागून काझी याकूब. काझी मूळचे होर्मुझचे, पण इथली बायको, इथली मुलं, आणि फणसाच्या गऱ्यांवर इथल्या माणसांहून जास्त प्रेम. त्यांनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा झैनलच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे.

"काय चाललंय शाहबंदर?"

आता झैनल काय बोलतो? चेंपाकाची नजर त्याच्या हाताकडे होती. हात नाकाकडे निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला.

"काझीसाहेब, हा दगड माझ्या आईचा आहे," झैनल म्हणाला. आवाज अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "डोंगरचे लोक यावरचं पाणी पिऊन शपथ घेतात. फोडायचा हुकूम होता, माझ्यानं फोडवला नाही. मी आणून इथं बसवला, कुणाला न विचारता. शिक्षा करायची ती मला करा. हौद पाडू नका."

"तो एकटा नव्हता!" पडवीतून नूरीचा आवाज आला. "मी होते बरोबर!"

"मीही असतो, पण मला कुणी सांगितलंच नाही!" बायू ओरडला. काही लोक हसले. पण काझी हसले नाहीत. ते वाकून दगड बघत राहिले, आणि मग मामांकडे वळले.

"तुम्ही याची पूजा करता?"

"दगडाची?" मामांना विचारणाऱ्याचीच कीव आल्यासारखं दिसलं. "दगडाची काय पूजा करायची? माणूस बोललेलं विसरतो. दगड जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यासमोर बोलायचं."

"आणि बोलता काय?"

"मापात खोट करायची नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच. एवढंही कुणाला जमत नाही."

काझींनी दाढीवरून हात फिरवला. "बाबा, हे मी दर शुक्रवारी तासभर सांगतो. माझंही कुणी ऐकत नाही." आता मात्र त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. "पाणी वाहतं आहे, स्वच्छ आहे. भिंतीत दगड असायचेच. इथं कुणी फूल वाहिलं किंवा दिवा लावला तर मी स्वतः पहार घेऊन येईन, हे लक्षात ठेवा शाहबंदर. पण शब्द देण्यासाठी माणूस माझ्या दारात आला तर त्याला मी हाकलणार नाही."

चेंपाकाच्या जिवात जीव आला. पण अर्धाच. मामा अजून दगडाकडेच बघत होते. मग त्यांनी काझींना एकदम विचारलं, "तुम्ही पण इथंच चूळ भरता?"

"भरतो की."

"पाच वेळा?"

"पाच वेळा."

"आणि तो लाल दाढीवाला? आणि ते चिनी? आणि हा गाल फुगवून उभा आहे तो?"

"सगळेच भरतात."

आणि म्हातारा हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. "अगं चेंपाका! अरे विजा! तुझ्या बापाला मी वर्षातून एकदा बांधत होतो. एका माणसाला, एकदा! आणि तू? तू तर अख्खं बंदर बांधून ठेवलंस! दर्यापारचे सगळे लबाड रोज पाच वेळा माझ्या दगडाचं पाणी तोंडात घेतायत! आणखी काय पाहिजे मला?"

दाऊदजीनं घाईघाईनं तोंडातलं पाणी थुंकून टाकलं. "हे बरं नाही! मला कुठं माहीत होतं? माहीत नसताना शपथ कशी लागेल?"

"थुंकलास?" मामा गरजले. "शब्द तोंडात घेऊन बाहेर थुंकलास?"

"म्हणजे तसं नाही..."

"दाऊदजी," काझी शांतपणे म्हणाले, "तू माप खरंच करणार आहेस ना?"

"अर्थात! म्हणजे काय!"

"मग घाबरतोस कशाला? घे पाणी."

अंगणात असा हशा उठला की छपरावरची कबुतरं उडाली. दाऊदजीचं तोंड बघण्यासारखं झालं. पाणी घ्यावं तर वर्षभर वजनात हात मारता येणार नाही, न घ्यावं तर सगळ्या बंदरासमोर चोर ठरणार. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ओंजळ धरून घटाघटा प्यायला. "झालं समाधान?" तो पुटपुटला. त्याच्या मागून होर्मुझवाला पुढे आला, हसत हसत, मग दोघे चिनी, मग तर रांगच लागली. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत अल्लाचं नाव घेतलं आणि मामांच्या डोळ्यांत बघत पाणी प्यालं. काझी एका बाजूला उभे राहून दाढीत हसत होते. असा शुक्रवार त्यांनीही कधी बघितला नव्हता.

सगळ्यांच्या शेवटी मामांनी झैनलला जवळ बोलावलं. बायू धावत जाऊन करवंटी घेऊन आला. मामांनी ती धारेखाली धरली.

"मी माझी मिरी दुसऱ्या बंदराला देणार नाही," ते म्हणाले.

"अल्लाच्या नावानं सांगतो, मी मापात खोट करणार नाही, आणि कुणाला करू देणार नाही," झैनल म्हणाला.

दोघे प्याले. मामांनी ओठ पुसले आणि बराच वेळ भाच्याकडे बघितलं. "झैनल," ते म्हणाले. जीभ जरा अडखळली, पण म्हणाले. "माझ्या बहिणीचा दगड तू वाहत्या पाण्याखाली ठेवलास, अंधारात पुरला नाहीस. बरं केलंस."

झैनल तिथंच, सगळ्या बंदरासमोर, मामांच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. चेंपाकाला त्याचं काहीच वाटलं नाही. तीही रडतच होती.

*

नमाज झाली आणि सगळं गाव धक्क्यावर लोटलं. मामा होडीच्या नाळेवर उभे राहून वरच्या वळणाकडे बघत होते. नदी रिकामी होती. दाऊदजीनं कपाळावर हात धरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "पाणी पाजलंत, मिरी कुठाय? तुम्ही तर एका होडीतून आलात."

"मिरी वळणापलीकडे आहे," मामा म्हणाले. "कालपासून. मी काय मूर्ख आहे, माल दाखवून मग बोलणी करायला?"

"अहो मग बोलवा की!"

"मी बोलवून होड्या येत नाहीत. हाक या घराच्या बाईनं द्यायची असते."

सगळ्यांच्या माना चेंपाकाकडे वळल्या. वळणारच. आई असेतो आईनं हाक दिली, आई गेल्यापासून चेंपाकानं. ती धक्क्याच्या फळीच्या टोकाशी जायची, दोन्ही हात तोंडाशी धरायची, आणि डोंगरची ती लांब हाक द्यायची. वर्षातला तेवढा एक क्षण सगळं गाव तिच्याकडे बघायचं. खरं सांगायचं तर त्या एका क्षणासाठी ती वर्षभर वाट बघायची. आजच्या हाकेची मजा तर औरच असणार होती. ती दोन पावलं पुढे गेलीसुद्धा.

मग थांबली.

"वहिनी," तिनं मागे वळून हाक मारली. "तुम्ही द्या."

"मी?" नूरी घाबरीघुबरी झाली. "छे छे! मला येत नाही. वन्सं, भलतंच काय!"

"सहा वर्षं माझ्या मागे उभं राहून ऐकताय. येतं तुम्हाला."

"पण मी डोंगरची नाही. मामा काय म्हणतील..."

"मामा काय म्हणतील ते मामा बघतील," मामा नाळेवरून ओरडले. "दगड वाहून नेताना विचारलं होतंस का मला? चल, उन्हं उतरतायत!"

झैनलनं बायकोचा हात धरून तिला फळीच्या टोकापर्यंत नेलं आणि तिथं सोडून दिलं. नूरीनं हात तोंडाशी धरले. पहिली हाक चिरकली. कुणीतरी फिसकन हसलं, बायूनं वळून त्याच्याकडे असं बघितलं की हसणाऱ्यानं तोंड मिटलं. नूरीनं डोळे पुसले, पाय रोवले आणि पुन्हा हाक दिली. सूर थोडे खंबायतचे होते, पण लांबी डोंगरची होती, दम डोंगरचा होता. हाक पाण्यावरून गेली, वळणावर जाऊन आदळली.

काहीच झालं नाही.

मग वळणाआडून ढोल वाजला. एक, आणि त्याला जोडून दुसरा, आणि झाडीतून पहिल्या होडीचं नाक बाहेर आलं. तिच्यामागं दुसरी, तिच्याशेजारी तिसरी, आणि मग नदी दिसेनाशीच झाली, नुसत्या होड्या, काठोकाठ भरलेल्या, आणि वल्ही मारणारे डोंगरचे गडी गाणी म्हणत येत होते. वाऱ्याबरोबर मिरीचा वास धक्क्यावर आला आणि पुढच्या रांगेतले लोक शिंकायला लागले. दाऊदजी शिंकत शिंकत आपल्या खलाशांना हाका मारत सुटला, नांगर राहू द्या म्हणून. राजवाड्याच्या बाजूनं नगारा सुरू झाला. म्हणजे तिथंही दिसलं होतं.

"आवाज चांगलाय तुझा," मामा नूरीला म्हणाले. "माझ्या बहिणीपेक्षा मोठा आहे."

नूरीनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती रडत होती आणि हाका देत होती, थांबतच नव्हती, आणि प्रत्येक हाकेला नदीवरून उत्तर येत होतं. चेंपाका तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली, तोंडाशी हात धरले, आणि दोघी मिळून ओरडू लागल्या.